प्रतिकृतीचे अंतरंग

'अश्व' आणि 'अश्वक' या दोन शब्दांत केवळ एका प्रत्ययाचे अंतर आहे. पहिला चारा खातो, दुसरा खात नाही. लाकडाचा किंवा मातीचा घोडा सांगावयाचा असेल तर त्यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात 'कन्' हा प्रत्यय दिला, आणि तेथेच पुढे एक सूक्ष्म नियमही सांगितला. जी प्रतिमा कोणाच्या उपजीविकेचे साधन आहे, पण विक्रीस मांडलेली नाही, तिच्या नावातून हा प्रत्यय लोप पावतो. म्हणजे बाजारात विकावयाची शिवाची मूर्ती 'शिवक', आणि पुजारी जिची सेवा करतो ती साक्षात् 'शिव'. सुवर्णाच्या लोभाने मूर्ती करविणाऱ्या मौर्यांचा जो उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यात येतो, तो याच नियमाच्या विवरणात. वैयाकरणांना येथे शब्द कसा सिद्ध होतो एवढेच सांगावयाचे होते हे खरे. परंतु प्रतिकृतीशी माणसाचा संबंध बदलला की तिचे नावदेखील बदलते, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीतून सुटली नाही.

या नियमाचे स्मरण होण्यास निमित्त घडले ते एका अगदी आधुनिक प्रतिकृतीचे. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ हिशेबखात्यात नोकरी करतात आणि फावल्या वेळी रणगाड्यांच्या लहान प्रतिकृती जोडतात व रंगवितात. सध्या त्यांच्या मेजावर दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन 'शर्मन' रणगाडा आहे, १९४३ च्या प्रारंभीच्या घडणीचा. मूळ वाहन सुमारे ५.८४ मीटर लांब; १:३५ या प्रमाणात ते १७ सेंटिमीटरांहून किंचित कमी भरते. या प्रमाणाचे जे साधे संच मिळतात त्यांत बाहेरचे कवच, चाके, पट्टे आणि तोफ एवढेच असते, आत पोकळी. यांनी मात्र अंतरंगासहित असलेला संच घेतला आहे. चालकाचे आसन, त्याच्या हातातील दोन दांडे, वेगपेटी, बिनतारी यंत्र, तोफेची मागची बाजू, पितळी रंगाच्या तोफगोळ्यांच्या रांगा, मागे इंजिन, असे शेकडो भाग. काही तांदळाच्या दाण्याहून लहान. चिमट्याने उचलावे, कडा पॉलिशपेपरने घासावी, पातळ डिंकाचा थेंब सांध्यावर टेकवावा आणि तो फटीत आपोआप ओढला जाऊन प्लॅस्टिकला प्लॅस्टिक विरघळून एकजीव होईपर्यंत श्वास धरावा. आणि हे सर्व रंगवून झाल्यावर वरची पेटी बसवावयाची; ती बसली की आतले काम झाकले गेले.

त्यांनी हसत विचारले, "शास्त्रीबुवा, मग हे मी कोणासाठी करतो?" प्रश्न हसत विचारला म्हणून तो हसण्यावारी नेण्याजोगा ठरत नाही. गृहस्थाश्रमातील पुष्कळशी कामे याच जातीची असतात, म्हणून त्याचा विचार येथे थोडा विस्ताराने करीत आहे.

प्रथम एक मौजेची हकिगत सांगितली पाहिजे. १:३५ हे प्रमाण आज जगभर रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे जणू प्रमाणभूत मानले जाते, परंतु त्याच्या मुळाशी कोणतेही गणित नाही. जपानमधील शिझुओका शहरातील 'तामिया' या कंपनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी जर्मन 'पँथर' रणगाड्याचा मोटारीवर चालणारा संच काढला. आत विजेरीचे सेल आणि मोटर मावली पाहिजे, म्हणून पेटी तेवढी मोठी केली. मागाहून मोजून पाहिले तेव्हा प्रमाण साधारण १:३५ भरले, आणि पुढे तेच रूढ झाले. म्हणजे या प्रतिकृतीच्या उदरात आरंभी माणसाला जागा नव्हती, सेलला होती! पुढे मेजावर ठेवून पाहण्याच्या प्रतिकृतींतून सेल गेले आणि पोकळी राहिली. आता त्या पोकळीत आसने, दांडे आणि गोळे येऊन बसले आहेत. लहान मुलाचे खेळणे प्रौढांचे अध्ययन कसे झाले, हे या पोकळीच्या इतिहासावरूनच समजते.

आता पूर्वपक्ष पाहू. कोणी म्हणेल, जे दिसणार नाही ते करण्यात श्रम फुकट जातात. यावर उत्तर म्हणून आमच्याकडील गर्भन्यासाचा दाखला देण्याचा मोह होतो. देवालय बांधताना रत्ने, धातू, धान्ये यांनी भरलेली पेटी पायात पुरतात, ती पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि तरीही स्थपती ती यथाविधी भरतो. दाखला सुंदर आहे. परंतु तो येथे पुरता लागू पडत नाही, हे कबूल केले पाहिजे. स्थपतीला विधी आहे, आणि मीमांसकांच्या भाषेत त्या विधीला अदृष्ट फल आहे. प्लॅस्टिकच्या वेगपेटीला तपकिरी रंगाचा पातळ थर दिल्याने कोणतेही अदृष्ट उत्पन्न होत नाही. तिला विधीचा आधार नाही आणि निषेधाचा अडथळाही नाही. ती करणाऱ्याच्या इच्छेवर सर्वस्वी सोडलेली आहे. नीतीच्या दृष्टीने असे क्षेत्र मोठे शोधक असते, कारण तेथे मनुष्य शास्त्राच्या भीतीने किंवा लोकलज्जेने वागत नाही.

याच ठिकाणी कारखान्यातील एक बारकावा फार बोलका आहे. तप्त प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबून भरतात आणि ते थिजल्यावर लहान लहान खुंट्यांनी बाहेर ढकलतात. त्या खुंट्यांचे वाटोळे ठसे प्रत्येक भागावर उमटतात. साचा करणारा चतुर असतो; तो ते ठसे शक्यतो भागाच्या आतल्या बाजूस येतील अशी योजना करतो, कारण ती बाजू कोणी पाहणार नसते. अंतरंगासहित प्रतिकृती जोडू इच्छिणाऱ्यापुढे नेमके तेच ठसे येऊन उभे राहतात. एकेक ठसा पुट्टीने भरावा, वाळू द्यावा, घासून सपाट करावा. शर्मनच्या बाजूच्या भिंतीला खऱ्या रणगाड्यात असा खळगा नव्हता. प्रतिकृतीत तो राहू दिला तर त्या जागेपुरते ती काही खोटे बोलली. प्रतिकृती हे एक विधान आहे, आणि विधानाची सत्यता ऐकणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नसते. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. एका शब्दासाठी चार टीका उघडाव्या लागतात, दोन दिवस मोडतात, आणि छापलेल्या पानावर वाचकाला दिसतो तो एकच साधा शब्द. कित्येकदा प्रारंभी सुचलेलाच!

दुसरा पूर्वपक्ष अधिक तीक्ष्ण आहे. तो म्हणतो, ही निरपेक्षता नव्हे, हा गुप्त अहंकार आहे. झाकण्यापूर्वी छायाचित्रे घेतली जातात, स्नेह्यांना दाखविली जातात, एखादे झाकण मुद्दाम उघडे ठेवले जाते, म्हणजे आत काहीतरी आहे याची पाहणाऱ्यास चाहूल लागावी. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु छायाचित्र घेतले म्हणजे काम दूषित झाले, असे मानणे हाही एक प्रकारचा सोवळेपणाचा अतिरेक आहे. स्वयंपाक चांगला झाला हे ऐकून गृहिणीला आनंद होतो, म्हणून तिने केवळ त्या शब्दासाठी चुलीशी दिवस घालविला असे कोणी म्हणत नाही. तसेच, उघड्या झाकणातून दिसेल तेवढेच रंगवून बाकीचे सोडून देणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांना अप्रामाणिक ठरविण्याचा अधिकार कोणास आहे असे मला वाटत नाही. ज्याच्या घरी संध्याकाळचे दोनच तास मोकळे आहेत, त्याने तळाखालची वेगपेटी रंगविलीच पाहिजे असे कर्तव्य कोठेही सांगितलेले नाही.

तर मग या अंतरंगाची खरी थोरवी कोठे आहे? माझ्या मते तिचा शोध तिसऱ्या आक्षेपातून लागतो, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. रणगाडा ही संहाराची वस्तू आहे. तिचे खेळणे करून दिवाणखान्यात मांडावे, तिच्या चिखलाचे आणि गंजाचे कौतुक करावे, हे सज्जनास शोभते काय?

केवळ बाहेरून पाहिले तर हा आक्षेप परतविणे कठीण आहे. बाहेरून रणगाडा दोघांनाच दिसतो. संचलन पाहणाऱ्या प्रेक्षकाला आणि समोरच्या शत्रूला. एकाला तो शोभा वाटतो, दुसऱ्याला लक्ष्य. दोघांपैकी कोणालाही आतला मनुष्य दिसत नाही. पोकळ प्रतिकृती या दोघांचीच दृष्टी पक्की करते. अंतरंग जोडू लागले म्हणजे मात्र हातांना एक निराळाच हिशेब करावा लागतो. आसने पाच. पुढे डावीकडे चालक, उजवीकडे त्याचा साहाय्यक. वर टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या बुरुजात, तोफची, रणगाडाप्रमुख आणि तोफेत गोळे भरणारा. पाच माणसे आली म्हणजे पाच वाटा हव्यात. चालकाच्या डोक्यावर झाकण आहे. साहाय्यकाच्या डोक्यावर आहे, शिवाय त्याच्या आसनामागे तळातून निसटण्यासाठी एक झडप आहे. टरेटवर प्रमुखाच्या डोक्यावर दुभंगणारे झाकण आहे. तोफची त्याच्यापुढे बसतो, तोही त्याच्यामागून त्याच वाटेने निघेल. आणि गोळे भरणारा? तो तोफेच्या डाव्या अंगास आहे. त्याच्या डोक्यावर सुरुवातीच्या शर्मनमध्ये झाकणच नव्हते. प्रमुख आणि तोफची बाहेर पडेपर्यंत थांबून, तोफेच्या पिछाडीखालून सरपटत पलीकडे जाऊन त्याने त्याच एका तोंडातून निघावयाचे. त्याच्यासाठी स्वतंत्र झाकण १९४३ च्या अखेरीपासून होऊ लागले.

ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि डोळे तिच्यावरून निघून जातात. जो मनुष्य चिमट्याने ते आसन तोफेच्या डावीकडे बसवितो, तो थांबतो. हा कोठून बाहेर येणार, असा प्रश्न त्याच्या बोटांना पडतो.

गोळ्यांचेही तसेच. जुन्या शर्मनमध्ये शंभराच्या आसपास गोळे असत, आणि त्यांचा मोठा भाग पट्ट्यांच्या वर, बाजूच्या कोनाड्यांत रचलेला असे. हाताशी सोयीचा, पण नेमका तेथेच शत्रूचा मारा यावयाचा. रणगाडा पेट घेतो याचा दोष दीर्घकाळ पेट्रोलला दिला गेला. तपासात मुख्य कारण निघाले ते हे गोळे. मग १९४४ पासून ते तळाशी, पाणी आणि गोठण रोखणारा द्रव भरलेल्या पेट्यांत ठेवू लागले. अमेरिकन सैन्याच्या १९४५ मधील पाहणीनुसार, कवच भेदले गेलेल्या जुन्या धर्तीच्या शर्मनपैकी ६० ते ८० टक्के पेटत असत. नव्या रचनेत हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर आले. सुमारे ४९,००० शर्मन बांधले गेले. प्रत्येकी पाच माणसे धरून वाचकांनी या टक्केवारीचा अर्थ स्वतःच लावून पाहावा. गोळ्यांच्या फळ्या बाजूला बसवावयाच्या की तळाशी, हा जोडणाऱ्यास वाटतो केवळ सूचनापत्रकातील क्रमांकाचा प्रश्न. वस्तुतः तो त्या पाच जणांच्या जगण्याचा प्रश्न होता.

रंगाविषयीही हेच म्हणता येईल. शर्मनची बाहेरची बाजू मळकट हिरवी, आतली पांढरी. आत उजेड अगदी थोडा येतो, तो भिंतींवरून परावर्तित होऊन वाढावा म्हणून पांढरा. परंतु झाकणांची आतली बाजू मात्र हिरवीच ठेवीत, कारण झाकण उघडल्यावर तो पांढरा तुकडा दुरून शत्रूला दिसला असता. प्रतिकृती रंगविणारे नवशिके ही झाकणे आतून पांढरी करतात आणि जाणते लोक त्यांना हसतात. मला त्यात हसण्यापेक्षा निराळे काही दिसते. एका तळहाताएवढ्या रंगाच्या निवडीत भय किती बारकाईने मोजलेले आहे!

त्या पांढऱ्या रंगाची आणखीही एक कथा आहे. अमेरिकेच्या तिसऱ्या चिलखती डिव्हिजनमध्ये निकामी रणगाड्यांच्या दुरुस्तीशी संबंधित अधिकारी असलेले बेल्टन कूपर यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या 'डेथ ट्रॅप्स' या आठवणींत तिचे वर्णन केले आहे. शर्मनच्या गुणदोषांविषयीची त्यांची मते इतिहासकारांना सर्वस्वी मान्य नाहीत; पण हे काम त्यांनी डोळ्यांदेखत पाहिलेले होते. भेदला गेलेला रणगाडा ओढून आणावा, आतील मृतांचे अवशेष काढावेत, धुवावे, छिद्र बुजवावे आणि मग आतून पुन्हा रंग द्यावा, म्हणजे नव्या तुकडीला डाग दिसू नयेत, वास येऊ नये. मेजावर एअरब्रशने तोच पांढरा रंग फवारणाऱ्या गृहस्थाने त्यावर रक्ताचे डाग काढावेत असे मी मुळीच सुचविणार नाही. तसे करणारे काही असतात, आणि त्यात मला करुणेपेक्षा अभिरुचीचा दोषच अधिक दिसतो. प्रतिकृतीला उष्णता नाही, आवाज नाही, गंध नाही, आणि ही तिची मर्यादा तिने ओलांडू नये. परंतु तो पांढरा रंग कशावर चढत होता, हे रंगविणाऱ्यास ठाऊक असावे.

हे दूरच्या देशाचे इतिवृत्त म्हणून सोडून देता येत नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरच्या रणांगणात आपल्या डेक्कन हॉर्सचे जवान शर्मनमध्येच बसलेले होते. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर येथे पूना हॉर्सचे २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटलेला रणगाडा सोडून बाहेर आले नाहीत, आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी झाले. तो रणगाडा ब्रिटिश घडणीचा सेंच्युरियन, नाव 'फामागुस्ता'. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील चिलखती दलाच्या केंद्रात तो जतन करून ठेवलेला आहे. त्याच नगरातील रणगाड्यांच्या संग्रहालयात निरनिराळ्या देशांची वाहने पाहावयास मिळतात. तेथे गेलेली मुले तोफेच्या नळीला हात लावतात, चाके मोजतात. आत काय होते, कोण बसत होते, हे त्यांना पोलाद सांगत नाही.

आमच्या शास्त्रांनी रथाचा विचार निराळ्या रीतीने केला. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे, तेथे बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. आणि रथी म्हणजे आत बसलेला आत्मा. रथाच्या चाकांचे वर्णन करण्यात ऋषींनी वेळ घालविला नाही. गीतेचा उपदेश झाला तोही दोन सैन्यांच्या मध्ये उभ्या केलेल्या युद्धरथातच, आणि तेथेही महत्त्व आतील दोघांना आहे. युद्धयानाकडे पाहताना 'आत कोण' हा प्रश्न आधी विचारण्याची सवय आपल्याला परकी नाही, एवढेच मला येथे म्हणावयाचे आहे. प्लॅस्टिकच्या शर्मनला उपनिषदाचे वजन देण्याचा हेतू नाही.

आता गृहस्थाच्या दृष्टीने दोन शब्द. अशी एक प्रतिकृती पुरी होण्यास कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी लागतात, आणि त्या संध्याकाळी केवळ त्याच्या एकट्याच्या नसतात. मुलाचा अभ्यास, वृद्ध आईचे औषध, पत्नीचे बोलणे यांच्या वेळेतून त्या कापून घेतल्या जात असतील तर आतली वेगपेटी कितीही हुबेहूब झाली तरी हिशेब तोट्याचाच. लॅकर जातीचे रंग आणि त्यांचे थिनर यांची वाफ दोन खोल्यांच्या घरात लेकरांच्या नाकात जाते. खिडकी उघडी हवी, तोंडावर योग्य मुखपट्टी हवी, आणि ते जमत नसेल तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरावेत. हे संच स्वस्त नाहीत. एकाचे काम चालू असता पुढचे चार विकत आणून कपाटात रचून ठेवणे हा या छंदातील सार्वत्रिक रोग आहे, आणि त्याला अपरिग्रहाशिवाय दुसरे औषध मला माहीत नाही. या सर्व गोष्टी अंतरंगाच्या सत्यतेपेक्षा कमी महत्त्वाच्या आहेत असे कोणी समजू नये.

पाणिनीचा नियम आता पुन्हा डोळ्यांपुढे येतो. विक्रीस मांडलेल्या प्रतिमेला प्रत्यय चिकटून राहतो. सेवेतल्या प्रतिमेचा तो गळून पडतो. रणगाड्याची कोणी पूजा करावी असे नाही, आणि करूही नये. परंतु ज्याने पाचही आसने बसविली, पाचही वाटा बोटाने चालून पाहिल्या, त्याच्या मेजावरची वस्तू ही आता केवळ 'रणगाडक' राहिली आहे काय, याचा निर्णय वैयाकरणांनीच करावा.

राहता राहिला झाकण्याचा प्रश्न. शर्मनच्या टरेटला खाली दोन खुंट्या असतात. त्या खाचेतून फिरवून टरेट उचलता येते, त्याला डिंक लावण्याची गरज नाही. वरची पेटीही काही जण नुसती दाबून बसवितात. कडेला केसाएवढी फट राहते, ती राहू द्यावी. घरात एखादे मूल असतेच. ते टरेट काढून आत डोकावेल, पितळी गोळे मोजील, आणि मग तोफेच्या डावीकडच्या आसनावर बोट ठेवून विचारील, "आणि हे काका कुठून बाहेर यायचे?" तेव्हा उत्तर देण्यासाठी तोफेखालची ती अरुंद वाट आत खरोखरीच असली पाहिजे.